बोलणी, तह आणि जामीन : सालबाईपासून लाहोरपर्यंत



स्मृतिव्याख्यानासाठी आपण मला पाचारण केलेत याबद्दल मी ऋणी आहे. मी आयुष्यभर मराठी शिकविले. इतिहासाचा अधिकारी अभ्यासक म्हणून मी येथे उभा नाही. तथापि जुन्या मराठी गद्याचा अभ्यास करणाऱ्यास पत्रव्यवहार, यादी, करारमदार यांच्या वाटेने जावेच लागते, आणि ती वाट ग्वाल्हेरकर मराठी माणसाला फिरून फिरून एकाच गावाशी आणून सोडते. ते गाव म्हणजे सालबाई. आपल्या किल्ल्याच्या दक्षिणेस सुमारे ३२ किलोमीटरवर ते आहे. १७ मे १७८२ रोजी तेथे मराठे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यामध्ये तह झाला. पानिपत आपल्याला पाठ असते, वडगाव ठाऊक असते. सालबाई मात्र परीक्षेपुरती वाचून आपण विसरतो. युद्धे लक्षात राहतात, बोलणी विसरली जातात, हा सर्वच समाजांचा स्वभाव आहे.

दोन देशांचे नेते भेटतात, हस्तांदोलन करतात, दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत छायाचित्र येते. पण अशा बोलण्यांतून झालेला करार टिकतो केव्हा आणि मोडतो केव्हा, हा आजचा माझा विषय आहे. उत्तर शोधण्यास सालबाईसारखे ठिकाण नाही.

प्रथम शब्द

आधी काही शब्दांचा उलगडा करू. ‘वकील’ म्हटले की आज आपल्यासमोर काळा डगला उभा राहतो. अठराव्या शतकातील मराठीत वकील म्हणजे एका दरबारातर्फे दुसऱ्या दरबारी राहणारा प्रतिनिधी. त्याने केवळ निरोप पोचवावयाचा नसे. समोरच्याचे मन ओळखून आपल्या धन्यास रोजच्या रोज लिहून कळवावयाचे असे. मराठी गद्यातील सर्वांत सावध, नेमकी वाक्ये या वकिलांच्या पत्रांत सापडतात, कारण तेथे एका क्रियापदाच्या चुकीने मुलूख जाऊ शकत असे.

दुसरा शब्द ‘बोलणी’. मराठी भाषा मोठी मिस्किल आहे. ‘बोलणी करणे’ म्हणजे वाटाघाट करणे, आणि ‘बोलणी खाणे’ म्हणजे रागे भरून घेणे. जो बोलणी करावयास जातो त्याला घरी परतल्यावर बहुधा बोलणी खावी लागतात, हे सत्य आपल्या भाषेने एकाच शब्दात साठवून ठेवले आहे. महादजी शिंद्यांना ते अनुभवावे लागले. पुढेही अनेकांना लागले.

तिसरी जोडी ‘ओलीस’ आणि ‘जामीन’ यांची. करार पाळला जाईल याची खात्री म्हणून एका पक्षाची माणसे दुसरा पक्ष आपल्या ताब्यात ठेवतो, ती ओलीस. याउलट, करार मोडला तर मी पुढे होईन, मला जबाबदार धरा, असे स्वतः होऊन सांगतो तो जामीन. ओलीस नाइलाजाने राहतो. जामीन आपखुशीने, पण स्वतःची पत पणाला लावून राहतो. आजच्या विवेचनाचे मर्म या भेदात आहे.

सालबाईपूर्वीचे तीन कागद

सालबाईपूर्वी सात वर्षांत मराठे व इंग्रज यांच्यामध्ये तीन करार झाले, आणि तिन्ही कोलमडले. ते का कोलमडले हे पाहिल्यावाचून चौथा का टिकला हे कळत नाही.

पहिला ६ मार्च १७७५ चा सुरतेचा. गादीसाठी धडपडणाऱ्या रघुनाथरावांनी मुंबईकर इंग्रजांशी तो केला. साष्टी, वसई देऊ केली आणि बदल्यात फौज मागितली. परंतु पुण्यात सत्ता कारभाऱ्यांच्या हाती होती; रघुनाथरावांपाशी देण्याजोगे काही नव्हते. जे आपले नाही ते त्यांनी कागदावर देऊन टाकले. इकडे मुंबईकरांनीही कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारची संमती घेतली नव्हती. म्हणजे दोन्ही बाजूंनी अनधिकार.

दुसरा १ मार्च १७७६ चा पुरंदरचा. कलकत्त्याने कर्नल अप्टन यास पाठवून तो घडविला. येथे अधिकार होता. पण मुंबईकरांना तो मनापासून नको होता, आणि विलायतेतील संचालकांचा कलही त्यांच्याच बाजूचा होता. रघुनाथरावांना आश्रय देण्याचे त्यांनी थांबविले नाही. सही एकाची आणि अंमलबजावणी दुसऱ्याच्या हाती, अशी स्थिती झाली.

तिसरा जानेवारी १७७९ मधील वडगावचा. पुण्यावर चालून आलेली इंग्रज फौज कोंडीत सापडली आणि तिच्या अधिकाऱ्यांनी करार लिहून दिला. येथे फार्मर आणि स्टुअर्ट हे दोघे इंग्रज ओलीसही ठेवण्यात आले. पण मुंबईच्या कौन्सिलने, आमच्या अधिकाऱ्यांस असा करार करण्याचा हक्कच नव्हता, असे म्हणून तो झिडकारला. ओलीस हाती राहिले, करार हवेत गेला. तह मोडल्यावर ओलिसाचे करावयाचे काय? त्यास मारणे हा अधर्म, पोसणे हा खर्च. महादजींनी त्या दोघांना चांगले वागविले आणि पुढे सोडून दिले. ही माणुसकी वाया गेली नाही, हे आपण पुढे पाहू.

दोन्ही पक्षांची निकड

१७८१ पर्यंत दोन्ही पक्ष थकले होते. ग्वाल्हेरचा किल्ला ऑगस्ट १७८० मध्ये पॉफॅमने रात्री शिड्या लावून घेतला व तो गोहदच्या राण्याच्या स्वाधीन करण्यात आला. डिसेंबरात जनरल गॉडर्डने वसई घेतली. परंतु १७८१ च्या उन्हाळ्यारंभी बोरघाटातून माघार घेताना त्याच्या फौजेची मराठ्यांनी दाणादाण उडविली. उत्तरेत शिप्री म्हणजे आजची शिवपुरी, त्या भागात महादजींना इंग्रज फौजेचा फटका बसला. कोणासही निर्णायक विजय दिसत नव्हता.

इंग्रजांची अडचण याहून मोठी होती. नाना फडणविसांनी १७८० साली हैदर अली, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना एका सूत्रात गुंफण्याचा यत्न केला होता. हैदर कर्नाटकात उतरला; १० सप्टेंबर १७८० रोजी पोल्लिलूरला बेलीच्या पलटणीचा त्याने धुव्वा उडविला. १७८२ च्या आरंभी फ्रेंच आरमार मद्रासच्या किनाऱ्यावर आले. कंपनीची तिजोरी रिती होत चालली होती. पैशासाठी वॉरन हेस्टिंग्जने ऑगस्ट १७८१ मध्ये काशीच्या चेतसिंहावर दडपण आणले आणि तेथे बंड उसळून स्वतः हेस्टिंग्जलाच चुनारच्या किल्ल्यात आसरा घ्यावा लागला. अशा समयी मराठ्यांशी तह ही त्याची चैन नव्हती, गरज होती.

महादजींचीही गरज होती. त्यांचे लक्ष दिल्लीकडे होते. इंग्रज पाठीशी शत्रू म्हणून असेपर्यंत उत्तरेत हातपाय पसरता येणार नव्हते. शिवाय माळव्यातील त्यांचा स्वतःचा मुलूख युद्धात पोळत होता. वाटाघाटी सद्‌भावनेतून जन्मतात असे आपण भाषणांत म्हणतो. इतिहास सांगतो की त्या निकडीतून जन्मतात. सद्‌भावना असली तर ती पुढे त्यांना पोसते.

१३ ऑक्टोबर १७८१ रोजी कर्नल म्यूर आणि महादजी यांच्यात प्राथमिक समझोता झाला. महादजींनी उज्जैनीकडे परतावे, इंग्रजांनी यमुनेपार जावे, आणि महादजींनी पेशवे व इंग्रज यांच्यामध्ये तह जुळवावा, असे ठरले. आधी फौजा दूर, मग बोलणी, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

सतरा कलमे

त्यानंतर हेस्टिंग्जचा प्रतिनिधी म्हणून डेव्हिड अँडरसन महादजींच्या छावणीत आला. हेस्टिंग्ज आणि महादजी स्वतः समोरासमोर बसले नाहीत. एकाचा वकील दुसऱ्याच्या डेऱ्यात राहिला आणि मसुदा शब्दाशब्दाने घडला.

तहाची कलमे सतरा. पुरंदरच्या तहानंतर इंग्रजांनी घेतलेला मुलूख, वसईसह, पेशव्यांना परत. साष्टी आणि मुंबईजवळची लहान बेटे इंग्रजांकडे. रघुनाथरावांना इंग्रजांनी पुढे कसलेही साहाय्य करू नये. त्यांनी राहण्याचे ठिकाण निवडावे, आणि ते महादजींकडे आल्यास पेशव्यांनी त्यांना दरमहा २५,००० रुपये द्यावेत. पोर्तुगीजांखेरीज अन्य युरोपियनांना पेशव्यांनी आपल्या मुलखात वखारी घालू देऊ नयेत, इंग्रजांच्या व्यापाराच्या सवलती मात्र पूर्ववत. ही शेवटची दोन कलमे वाचताना ध्यानी येते की तलवारीचे भांडण मिटविताना व्यापाराचे गणितही मांडले जात होते. फ्रेंचांना पश्चिम किनारा बंद होणे हे कंपनीच्या दृष्टीने एखाद्या किल्ल्याहून मोलाचे होते.

भडोच कंपनीने महादजींना दिले. त्याचे कारण म्हणून वडगावच्या प्रसंगी इंग्रजांशी त्यांनी दाखविलेल्या माणुसकीचा उल्लेख झाला. त्यात राजकारण होतेच; पण सौजन्याचीही नोंद राहते आणि ती कधी तरी वटते, असे म्हणावयास हरकत नाही.

सर्वांत विलक्षण कलम सोळावे. त्यात उभय पक्षांनी महादजींनाच जामीन राहण्याची विनंती केली. जो पक्ष करार मोडील त्याच्याविरुद्ध महादजींनी दुसऱ्यास मिळावे आणि मोडणाऱ्यास वठणीवर आणावे. विचार करा: महादजी पेशव्यांचे सरदार, पेशव्यांतर्फे बोलणी करणारे मुखत्यार, आणि तेच दोन्ही पक्षांचे जामीन! आजच्या आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पंडितास हे विपरीत वाटेल. पण सालबाईचे बळ यातच होते. पहिल्या तीन करारांत ज्याची उणीव होती ती येथे भरून निघाली. बोलणाऱ्यास अधिकार होता, बोलण्यातून त्याचे स्वतःचे हित साधणार होते, आणि करार मोडल्यास प्रथम त्याचीच पत जाणार होती.

जे डेऱ्यात नव्हते

तहाची दुसरी बाजू सांगितली नाही तर विवेचन एकांगी होईल. नवव्या कलमाने पेशव्यांनी असे मान्य केले की हैदराने इंग्रज व अर्काटचा नवाब यांच्याकडून जिंकलेला मुलूख सहा महिन्यांत परत करावा. हैदर तर सालबाईत नव्हता. त्यास कोणी विचारले नव्हते. पेशव्यांचा मित्र म्हणून तो लढत होता, आणि मित्राच्या पाठीमागे त्याच्या मुलखाचा निवाडा होत होता.

नाना फडणविसांना हे खुपले. शिवाय साष्टी गेली याचेही दुःख होते. हेस्टिंग्जने तहास जून १७८२ मध्येच मान्यता दिली, परंतु नानांनी शिक्कामोर्तब लांबविले. ७ डिसेंबर १७८२ रोजी हैदर वारला. त्याच डिसेंबरात पुण्याची मान्यता झाली आणि फेब्रुवारी १७८३ मध्ये तहनाम्यांची अदलाबदल झाली. नानांचा हा विलंब म्हणजे महादजींविषयीची असूया, असे काही म्हणतात. महादजींनी स्वतःसाठी दौलतीचे हित विकले, असे दुसरे म्हणतात. मला दोन्ही आरोप उथळ वाटतात. मैदानावर बोलणारा आणि घरी दौलत सांभाळणारा यांचे हिशेब निराळे असणारच. त्या दोघांत ताण असणे हे दुर्दैव नव्हे. ताण असूनही अखेरीस एकच शिक्का उमटणे, ही राज्याची प्रौढता होय.

पण अनुपस्थिताच्या वाट्याचे जे ठरते ते सहसा पाळले जात नाही. हैदराच्या पश्चात टिपूने लढाई चालूच ठेवली आणि मार्च १७८४ मध्ये मंगळूर येथे इंग्रजांशी स्वतंत्र तह केला. नववे कलम कागदावरच राहिले.

जामीन गेल्यावर

सालबाईने मराठे व इंग्रज यांच्यात वीस वर्षे शांतता राखली. त्या अवधीत महादजींनी ग्वाल्हेर १७८३ मध्ये परत मिळविले आणि १७८४ च्या अखेरीस दिल्लीच्या बादशहाकडून वकील-इ-मुतलक हे पद संपादिले. पण जामिनाचे महत्त्व कमी करण्याची पावलेही लवकरच पडली. १७८६ साली चार्ल्स मॅलेट कंपनीचा रेसिडेंट म्हणून पुण्यास आला. तोवर इंग्रजांचे पुण्याशी बोलणे महादजींच्या हातून होत असे. आता थेट दार उघडले. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे महादजी निवर्तले, १८०० साली नाना गेले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावांनी वसईस इंग्रजांशी तह केला तेव्हा सरदारांपैकी कोणाचीही संमती नव्हती आणि मधे उभा राहणारा जामीनही नव्हता. वर्षभरात युद्ध पेटले, आणि ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंद्यांना सुर्जी-अंजनगावच्या तहावर सही करावी लागली. आपले ग्वाल्हेर पुन्हा हातचे गेले; ते १८०५ च्या तहाने परत आले आणि १८१० मध्ये दौलतरावांनी किल्ल्याखाली आपला तळ दिला. त्या तळाचेच ‘लष्कर’ झाले.

ग्वाल्हेरचा सुपुत्र लाहोरात

आता दोनशे वर्षे ओलांडून आपल्या काळात येऊ. या शहरात २५ डिसेंबर १९२४ रोजी जन्मलेले, गोरखीच्या शाळेत व व्हिक्टोरिया कॉलेजात शिकलेले अटलबिहारी वाजपेयी २० फेब्रुवारी १९९९ रोजी बसने लाहोरला गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणि नवाझ शरीफ यांनी लाहोर जाहीरनाम्यावर सह्या केल्या. दोन्ही देश नऊ महिन्यांपूर्वीच अण्वस्त्रचाचण्या करून बसले होते; भेटीची निकड खरी होती. पण त्याच वर्षी उन्हाळ्यात कारगिलचे युद्ध झाले आणि १२ ऑक्टोबर १९९९ रोजी शरीफ यांची सत्ता लष्कराने उलथली. ज्यांच्या हाती बंदुका होत्या ते त्या कागदाला बांधलेले नव्हते. पुरंदरचीच कथा पुन्हा घडली: सही एकाची, अंमल दुसऱ्याचा.

म्हणून लाहोर व्यर्थ होते काय? मला तसे वाटत नाही. लाहोरच्या सामंजस्य पत्रात क्षेपणास्त्र चाचणीची पूर्वसूचना एकमेकांस द्यावी, असे एक साधे कलम होते. त्याचे रूपांतर ऑक्टोबर २००५ मध्ये रीतसर करारात झाले. याहून जुने उदाहरण घ्या. अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार ३१ डिसेंबर १९८८ रोजी राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्या काळात झाला. त्यानुसार १९९२ पासून दरवर्षी १ जानेवारीला दोन्ही देश आपल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांस देत आले. कारगिलनंतरच्या जानेवारीत दिल्या, २००२ मध्ये सीमेवर फौजा समोरासमोर असताना दिल्या, १ जानेवारी २०२५ रोजी चौतिसाव्यांदा दिल्या. मैत्रीच्या उदात्त वाक्यांना तडे गेले, तारीख ठरलेले रुक्ष कलम टिकले. येथे जामीन कोणी व्यक्ती नव्हे. ठरलेला दिवस आणि चुकल्यास सर्वांना दिसणारी चूक हाच जामीन.

वाजपेयींनीच परराष्ट्रमंत्री असताना एप्रिल १९७८ मध्ये चिनाबवरील सलाल प्रकल्पाविषयी पाकिस्तानशी करार केला होता. वाद धरणाच्या रचनेचा होता. दरवाजांची उंची कमी करून तो मिटविण्यात आला. फुटांत मोजता येणारी तडजोड होती, म्हणून झाली. त्यामागे १९ सप्टेंबर १९६० चा सिंधू पाणीवाटप करार उभा होता. तो नेहरू आणि अयूब खान यांनी कराचीत केला आणि जागतिक बँकेनेही ठराविक कलमांपुरती त्यावर सही केली. तीन युद्धे त्याने पचविली. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर भारताने तो स्थगित केला. कोणताही जामीन विश्वासाची जागा कायमची भरून काढू शकत नाही, हेही यातून शिकावयाचे.

आपले काम

आता पेशवे नाहीत, महादजी नाहीत. लोकशाहीत नेता जे बोलून येतो त्यास अखेर जामीन कोण? मित्रहो, आपण. म्हणून पुढच्या वेळी दोन नेत्यांच्या भेटीचे वृत्त वाचाल तेव्हा छायाचित्रावर थांबू नका. आपल्या शिक्षकांनी याच वर्गांत उताऱ्याखालील प्रश्न सोडवावयास शिकविले, तसे चार प्रश्न त्या वृत्तास विचारा. सही करणाऱ्यास अधिकार होता काय? दोघांचीही खरी निकड कोणती? कोणत्या कलमास तारीख आणि माप आहे? आणि खोलीत नसलेल्या कोणाच्या वाट्याचे ठरविले गेले?

बोलणी करून आलेल्या नेत्यास बोलणी देणे सोपे असते. त्याने आणलेला कागद वाचणे कष्टाचे असते. ते कष्ट आपण घ्यावेत, एवढीच विनंती.